रुमालाखालचा भाव

अकरा वर्षं मी मगदूम मॅडमचा उजवा हात होतो,
म्हणजे माऊसवरचा.
त्या म्हणायच्या, "मुल्लाणी, पुढं. पुढं. अंहं, मागं. थांब."
आणि मी थांबायचो
माणसाच्या एका आडव्या चकतीवर,
काकडीच्या फोडीसारख्या.
हातमोजे चढवलेल्या माणसानं कशाला शिवायचं नाही,
आणि मी तर सगळ्याला शिवलेला,
दाराच्या कडीला, चहाच्या कपाला, स्वतःच्या नाकाला.

आता पडद्याखाली कॅमेरा बसवलाय, साबणाच्या वडीएवढा.
मॅडम छातीसमोर हात धरतात, तळवा उघडा,
हवेतून डावीकडं सारतात
आणि यकृत वळतं, झोपेत कूस बदलणाऱ्या पोरासारखं.
दोन बोटं फाकवली की शीर जवळ येते.
मूठ केली की सगळं जागच्या जागी.
पहिल्या आठवड्यात भूलवाल्या कित्तुरे सरांनी आळस दिला
नि पोट सोडून आम्ही थेट मणक्यात पोचलो.
हसलो सगळे. मास्कमधलं हसू डोळ्यांतच दिसतं.
आता कुणी आळस देत नाही.

माझं बोट मात्र खिशात अजून हलतं,
मॅडमचा हात सरकायच्या अर्धा क्षण आधी.
त्या कुठं थांबणार ते मला कळतं.
कॅमेऱ्याला नंतर कळतं.
पण कळतं, आणि तो जांभई देत नाही,
हेही सांगायला हवं.

मंगळवारी आदगोंडा चौगुले आले,
सांगलीच्या मार्केट यार्डातले जुने अडते,
चाळीस वर्षं हळदीत.
घरच्यांना कावीळ कळलीच नाही.
हात पिवळे, नखं पिवळी, सदऱ्याच्या बाह्या पिवळ्या,
कायमच्याच.
नातीनं डोळ्यांत बघितलं, म्हणून मिरजेला आणलं.

टेबलावर घेतलं, हिरवी चादर ओढली.
मॅडम हात धुऊन आल्या, कोपरं वाकवून,
नमस्कार अर्ध्यात राहिल्यासारखे दोन्ही हात.
म्हातारा त्या हातांकडं बघत राहिला.
कॅमेऱ्यासमोर ते एकदा हलले, पडदा उजळला,
तसा म्हणाला,
"बाई, हवेत हात करून सौदा हुतोय व्हय?
आमच्यात रुमालाखाली."
आणि चादरीखालून त्यानं माझा हात धरला.
त्या घटकेला खोलीत
शिवता येण्याजोगा मीच.

बोटं दाबली, एकेक करून, मग थांबला.
हे विचारणं आहे एवढं कळलं.
माझे आजोबा जनावरांच्या बाजारात जायचे,
रुमालाखाली काय चालतं ते कधी बोलले नाहीत;
बोललं की भाव फुटतो, म्हणायचे.
काय विचारत होता हा? वर्षं? महिने?
मी त्याची पाचही बोटं दाबली, उगाच, घाबरून.
"लै चढ लावलीस गा," म्हणाला,
नि कित्तुरे सरांनी तोंडावर मास्क ठेवला.

तिसऱ्या तासाला पडद्यावर ती गाठ,
शिरेला बिलगून, हरभऱ्याच्या घाट्याएवढी.
मॅडमनी दोन बोटं फाकवली. मोठी झाली.
अजून फाकवली.
मग हात तसाच हवेत राहिला, हलेना,
इतका वेळ, की यंत्राला वाटलं हुकूम संपला.
कोपऱ्यातला हिरवा ठिपका विझला.
मी खिशातलं बोट दाबून धरलं.
इथं थांबायचं, मला माहीत होतं.
इथून पुढचं मला
अकरा वर्षांत कधी कळलं नव्हतं.

काल ड्यूटी सुटल्यावर आयसीयूत गेलो.
बाहेर बाकावर नात, मांडीवर न उघडलेला डबा.
मॅडमनी तिला काय सांगितलं ठाऊक नाही.
हात धुतले, मॅडमसारखे, कोपरापर्यंत.
म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले,
नखांची हळद तेवढी अजून गेलेली नाही.
मी चादरीखाली हात घातला.
बराच वेळ काहीच नाही.
मग एक. दोन. तिसऱ्यावर अडला.

भाव पाडत होता.
मी परत पाच दाबली,
आणि हात काढून घेतला नाही.